कळ आणि लावी

श्रावणात सह्याद्रीच्या उतारावर एखाद्या झुडपाला धरून चढलेली कळलावी दिसली की पाय थबकतात. पानाचं टोकच लांबून ताण्यासारखं वळतं आणि शेजाऱ्याला विळखा घालतं. फूल मान खाली घातलेलं, पण सहाही पाकळ्या उलट्या, वर वळलेल्या. बुडाशी पिवळ्या, शेंड्याला लाल, कडांना लाटा. म्हणून संस्कृतात अग्निशिखा. नाव देखणं आहे, पण लांबून पाहणाऱ्याचं. लांगली म्हणणाऱ्याने निदान कुदळ तरी हातात घेतली असणार. लांगल म्हणजे नांगर, आणि नांगरासारखा तो दुहाती कंद उकरल्याशिवाय दिसत नाही.

मला मात्र आपलं कळलावीच सरस वाटतं. कळ म्हणजे वेण. बाळंतीण अडली की सुईणी कंद उगाळून तिच्या तळपायांना, बेंबीभोवती लेप लावीत आणि सुटका होताच तो धुऊन काढीत. लेपही लावायचा, कळही लावायची. एकाच क्रियापदात औषध आणि त्याचा गुण दोन्ही बसले. शिवाय कळ लावणारी म्हणजे भांडण लावणारी, नारदाची सख्खी बहीणच! हे फूल घरात आणलं की भांडणं होतात, अशी समजूत आहे. तिच्यामागे विषाची भीती असावी, असं म्हणायचा मोह होतो. मला वाटतं, लोकांना नुसता श्लेष आवडला.

भीती मात्र खरी. आयुर्वेदाने हिला सात उपविषांत, रुई, निवडुंग, कण्हेर, गुंज, अफू, धोतरा यांच्या पंगतीला बसवलं. गोमूत्रात शोधन केल्याशिवाय पोटात द्यायची नाही. कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं. गाऊटच्या गोळ्यांत तेच, अगदी कणभर. ते पेशींचं दुभागणं थांबवतं. जिला जन्म घडवून आणायला बोलवायचे, तिच्या अंगी हा गुण! कुणी कंदमूळ समजून कंद खाल्ला तर उलट्या-जुलाबांनी हैराण होतो, प्राणावर बेततं. वाचलाच तर काही दिवसांनी केस गळतात. हमखास उतारा नाही.

तमिळनाडूत हे राज्यफूल, बियांसाठी तिथे त्याची शेती होते. रानातली कळलावी मात्र कंदासाठी खणली जाते, आणि कंद गेला की वेल गेला. पावसाळा सरल्यावर वेल वाळतो. तिथे काही होतं याची खूणही उरत नाही. खणणाऱ्याला जागा पाठ असते.