कथाचौकट व तिचे विडंबन

एका कथेत वक्ता आणि श्रोता उभे करून त्यांच्या संवादात इतर कथा ओवण्याची रचना म्हणजे कथाचौकट. पंचतंत्र, वेतालपंचविंशति, अरबी सुरस कथा ही तिची परिचित उदाहरणे होत. या रचनेत आतल्या कथेला प्रामाण्य लाभते ते सांगणाऱ्याच्या अधिकारामुळे.

मुनी कनकामराच्या करकंडचरिउ (सु. अकरावे शतक) या अपभ्रंश काव्यात हा अधिकार निःशंक आहे. तेरापूर येथील गुंफेत पार्श्वनाथाच्या मूर्तीखालील गाठ राजा करकंड फोडवितो. तेथून पाणी उसळते व त्याला पश्चात्ताप होतो. तेव्हा एक विद्याधर त्याला गुंफेची पूर्वकथा ऐकवितो. तेरापूर म्हणजे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर आणि ती गुंफा म्हणजे धाराशिवची लेणी, असे हीरालाल जैन यांनी दाखविले. येथे उपकथा राजाची शंका मिटविते आणि स्थळाला पावित्र्य देते.

त्याच जैन परंपरेत हरिभद्राने धूर्ताख्यानात (आठवे शतक) चौकटीचा उलटा उपयोग केला होता. उज्जयिनीत पाच धूर्त पैज लावतात : प्रत्येकाने आपला अनुभव सांगावा, जो तो खोटा म्हणेल त्याने सर्वांना जेवू घालावे, पुराणांतील दाखल्यांनी तो खरा ठरविणारा मात्र सुटला. थापेला पुराणाचा आधार मिळत जातो आणि हसे होते ते पुराणाचे. अखेर खंडपाना ही स्त्री चौघांना आपले पळालेले नोकर म्हणते. हो म्हटले तर दास्य, नाही म्हटले तर भोजनखर्च. मात्र हरिभद्राचे हसू परक्या पुराणांवरच थांबते. स्वतःच्या धर्मकथांना ते शिवत नाही.

उत्तर-आधुनिक कथाकार हे कुंपण मानीत नाहीत. जॉन बार्थच्या कायमीरा (१९७२) या ग्रंथात भविष्यकाळातून आलेला लेखक शहराजादीला तिच्याच ग्रंथातील गोष्टी पुरवितो. त्यामुळे मूळ वक्ता कोण, हेच ठरत नाही. युक्ती चतुर आहे. पण मूळ कथेतील मृत्यूची टांगती तलवार तीत बरीच बोथट होते.

गिरीश कार्नाड यांच्या हयवदन (१९७१) या कन्नड नाटकात विडंबन अधिक खोल जाते. मस्तकांच्या अदलाबदलीनंतर पती कोणता, या वेताळाच्या प्रश्नाला ‘ज्याचे मस्तक तो’ असे उत्तर मिळताच मूळ कथा संपते. टॉमस मानच्या कादंबरिकेप्रमाणेच कार्नाडांकडेही ते उत्तर मिळाल्यावर पद्मिनीचे दुःख सुरू होते. भोवतीच्या चौकटीत पूर्णत्व मागणारा अश्वमुखी मनुष्य शेवटी पूर्ण घोडा होतो, आणि कथा सांगणाऱ्या भागवतालाही घटना आवरत नाहीत. मराठी रंगभूमीवर हे नाटक चिं. त्र्यं. खानोलकरांच्या अनुवादातून आले.