'सरसकट' सोनोग्राफी : एका विशेषणाची चिकित्सा

गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत सर्वच स्त्रियांची सोनोग्राफी करावी काय, ह्या वादात 'सरसकट' हे विशेषण फारसे तपासले जात नाही. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत १३ चाचण्यांतील ३४,९८० स्त्रियांचा समावेश होता. २४ आठवड्यांनंतरच्या सरसकट तपासणीमुळे जन्माच्या आगेमागे होणारे अर्भकमृत्यू घटल्याचे तीत आढळले नाही. नेदरलँड्समधील १३,०४६ स्त्रियांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाढ कमी असलेली बालके अधिक प्रमाणात ओळखली गेली, कृत्रिम कळाही अधिक जणींना दिल्या गेल्या. परंतु गंभीर अपाय कमी झाले नाहीत. ओळखणे आणि वाचविणे ह्या क्रिया एक नव्हेत.

तथापि हा निष्कर्ष छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयास, लोकांच्या भाषेत 'घाटी'स, जसाच्या तसा लावणे सदोष ठरेल. डच अभ्यासातील स्त्रिया कमी जोखमीच्या होत्या. मराठवाड्यातील ऊसतोड करणारी स्त्री दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर गाव सोडते आणि हंगाम संपल्यावर परतते. आठव्या महिन्यातील तपासणी ही तिची पहिलीच असू शकते. तिच्या बाबतीत 'सरसकट' म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये २४ आठवड्यांपूर्वी एक तपासणी सुचविली. ती हुकलेल्या स्त्रियांसाठी उशिराच्या तपासणीचा विचार व्हावा, असेही म्हटले. त्यामागील हेतू तीन : गर्भ किती, मूल डोक्याकडून आहे की पायाळू, आणि वार कोठे आहे.

ह्या तिहींत तारीख नाही, हे लक्षणीय आहे. शेवटच्या महिन्यांत मापांवरून काढलेले गर्भाचे वय तीन आठवड्यांपर्यंतही चुकू शकते. तरीही अहवालावर प्रसूतीची तारीख छापलेली असते, आणि घरच्यांची नजर तिच्यावरच खिळते. 'दिवस भरणे' ह्या जुन्या वाक्प्रचारात थोडी सैल मोजणी गृहीत आहे. 'तारीख' ह्या शब्दाला मात्र कचेरीचा वास येतो. ती उलटली की काही गुन्हा घडल्यासारखे घर हवालदिल होते, आणि कळा आणण्याची घाई सुरू होते. वार खाली असल्याची नोंद, जी खरोखर जिवावरची, ती त्याच कागदावर अनेकदा न वाचलेलीच राहते. तंत्राच्या गुणदोषांइतकाच हा अहवालाच्या भाषेचाही प्रश्न आहे.

गर्भलिंगनिदानावर कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८ साली देशातील पहिले राज्य ठरले. १९९४ च्या केंद्रीय कायद्यानुसार गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीचे कारण 'एफ' नमुन्यात नोंदवावे लागते. ती नोंद लिंगनिवडीला आळा घालण्यासाठी आहे. पण उशिरा आलेल्या स्त्रीचे कारण तेथे नेमक्या शब्दांत उतरले, तर अहवाल वाचणाऱ्यासही प्रथम काय पाहावे हे कळेल.