शतपावलीचा कंटाळा

आपल्या घरांत दोन शब्द शेजारी-शेजारी नांदतात. जेवणानंतर चार पावले फिरण्याला मराठीत शतपावली म्हणतात, उर्दूत चहलकदमी. शतपावलीत शंभर पावले आहेत आणि चहलकदमीत चाळीस, कारण फारसीत 'चेहल' म्हणजे चाळीस. उर्दूवाले साठ पावलांनी आळशी ठरले, हा विनोद आम्ही ऐकला आहे आणि केलाही आहे. पण या दोन्ही शब्दांतले शहाणपण आमच्या ध्यानात फार उशिरा आले. दोघांनीही पावले मोजून ठेवली आहेत. फिरणे इथे संपले, असे तो शब्दच सांगतो. मग माणूस घरात येतो, पान लावतो, गप्पा मारतो, झोपतो. फिरणे हा दिवसाचा एक तुकडा. सगळा दिवस म्हणजे फिरणे नव्हे.

हे सुचायला निमित्त झाले ते इंग्लंडात लेस्टरला असलेल्या आमच्या भाच्याचे. तो तिथे एका हॉटेलच्या भटारखान्यात काम करतो. २०२१ च्या जानेवारीत, इंग्लंडमधल्या तिसऱ्या टाळेबंदीत, त्याचा फोन यायचा आणि प्रत्येक फोनवर एकच गाऱ्हाणे असायचे, "मामू, आज पुन्हा तेच तळं, तीच बदकं." हॉटेल बंद, घरबसल्या पगाराचा मोठा हिस्सा मिळत होता, पोटाची चिंता नव्हती. दिवसातून एकदा व्यायामासाठी घराबाहेर पडायची मुभा होती. तेवढीच मौज उरली होती आणि त्या मौजेचाच त्याला वीट आला होता.

आम्हाला आधी हसू आले आणि मग थोडा रागही आला. २५ मार्च २०२० पासून आपल्याकडे टाळेबंदी लागली, तेव्हा सकाळी फिरायला निघालेल्या भल्या-भल्यांना पोलिसांनी भर रस्त्यात उठाबशा काढायला लावल्या होत्या. मैदानात आणि समुद्रकिनारी फिरण्याची परवानगी महाराष्ट्रात मिळाली ती ३ जूनपासून, म्हणजे दोन महिन्यांहून अधिक काळाने. त्या दोन महिन्यांत आपल्याकडे जे चालले, ते फिरायला म्हणून चालले नव्हते. जालन्याहून भुसावळच्या दिशेने रुळांवरून निघालेले मजूर थकून रुळांवरच झोपले आणि ८ मेच्या पहाटे करमाडजवळ त्यांतले सोळा जण मालगाडीखाली गेले. असे चालणे ज्या भूमीने पाहिले, तिथल्या माणसाला बदकांचा कंटाळा ऐकवायचा म्हणजे कमाल झाली! हे आम्ही भाच्याला बोलूनही दाखवले. तो गप्प बसला. पुढच्या फोनवर त्याने तळ्याचे नाव काढले नाही आणि आम्हालाच चुकल्यासारखे वाटू लागले.

म्हणून आम्ही पुस्तकांकडे वळलो. फिरण्याची थोरवी सांगणारे वाङ्मय इंग्रजीत जेवढे आहे तेवढे आमच्या वाचनात दुसऱ्या भाषेत आले नाही. फडके, खांडेकर, काणेकर यांच्या पिढीने त्याच इंग्रजी निबंधाच्या वळणावर मराठीत लघुनिबंध रुजवला, आणि आमच्या पिढीने शाळेत फिरण्याच्या आनंदावर निबंध लिहून गुण मिळवले. त्यासाठी फिरायला जाण्याची गरज पडली नाही, ही गोष्ट वेगळी. आमचा प्रश्न असा होता, की ज्या भाषेने फिरण्याला एवढे डोक्यावर घेतले, त्याच भाषेच्या मुलुखात लोक दोन-तीन महिन्यांत फिरण्याला का विटले? पायांनी दगा दिला की पुस्तकांनी?

पहिला साक्षीदार विल्यम हॅझलिट. प्रवासावरचा त्याचा निबंध १८२२ सालचा. एकट्याने चालावे, बरोबर कोणी नसावे, निसर्गच सोबत पुरेसा आहे, असे तो ठासून सांगतो आणि वाचक त्यावरच भाळतो. आम्हीही भाळलो होतो. पण या खेपेला वाचताना आमचे लक्ष दुसरीकडे गेले. हॅझलिटच्या चालण्याच्या शेवटी सरायीचा दरवाजा आहे. काही तास चालले की पुढे जेवण आहे. संध्याकाळी सरायीत बसून आज काय खावे, कांद्यात शिजवलेला ससा मागवावा का, याचा विचार तो ज्या चवीने करतो, त्या चवीने त्याने एकाही टेकडीचे वर्णन केलेले नाही. वेल्समधल्या एका सरायीत १० एप्रिल १७९८ रोजी आपण रूसोची कादंबरी घेऊन बसलो होतो आणि समोर थंड कोंबडी होती, हे त्याला चोवीस वर्षांनीही तारखेनिशी आठवते. माणूस तारीख उगाच लक्षात ठेवत नाही. निबंध चालण्यावरचा खरा, पण त्याचा जीव पोहोचण्यात आहे.

दुसरी साक्ष व्हर्जिनिया वुल्फची. लंडनच्या रस्त्यांवरून भटकण्याविषयीचा तिचा १९२७ चा निबंध आमच्या मते या प्रकारातला सर्वांत देखणा. हिवाळ्याची संध्याकाळ, चहा आणि रात्रीचे जेवण यांच्या मधली वेळ. घरातून निघायचे तर निमित्त हवे, म्हणून बाई ठरवते, की पेन्सिल आणायची आहे. पेन्सिलीचे निमित्त आणि भटकण्याचा हेतू, अशी ही गंमत आहे, आणि समीक्षक त्याचे कौतुक करताना पेन्सिल सोडून देतात. आम्ही या वेळी पेन्सिल धरून ठेवली. निबंधात बाई शिरते कुठे? आधी जोड्यांच्या दुकानात, मग जुन्या पुस्तकांच्या दुकानात, शेवटी कागद-पेन्सिलीच्या दुकानात. तिथले नवरा-बायको नुकतेच भांडलेले असतात आणि पेन्सिल शोधता-शोधता त्यांचे भांडण निवते. दर काही पानांनी एक दार उघडते आणि आत दुसऱ्या कोणाचे तरी आयुष्य चाललेले असते. रस्ता नुसता या दारांना जोडणारा धागा आहे.

आता हेच निबंध जानेवारी २०२१ च्या इंग्लंडात ठेवून पाहा. सरायी बंद. जोड्यांची दुकाने बंद. पुस्तकांच्या दुकानात आत पाऊल टाकायला बंदी. उरला रस्ता. हॅझलिट आणि वुल्फ यांच्या लेखणीतून सगळी दारे काढून घेतली, तर मागे काय राहते? तळे आणि बदके! भाच्याचे गाऱ्हाणे हे त्याच निबंधांवरचे आमच्या ऐकण्यातले सर्वांत नेमके समीक्षण होते आणि आम्ही त्याला मजुरांची आठवण देऊन गप्प केले होते.

कायद्यानेही या भेदावर बोट ठेवले होते, फक्त उलट्या बाजूने. व्यायाम चालेल, मौज चालणार नाही. दुसऱ्या घरातल्या एका माणसाबरोबर चालत राहिलात तर तो व्यायाम; त्याच माणसाबरोबर बाकावर बसून कॉफी प्यालात तर ती मौज. तशा बसण्याला परवानगी मिळाली ती ८ मार्चपासून. जानेवारीत डर्बीशायर परगण्यात दोन मैत्रिणी गाडीने पाच मैलांवरच्या जलाशयाकाठी फिरायला गेल्या. पोलिसांनी प्रत्येकीला दोनशे पौंड दंड केला आणि हातातली गरम पेये म्हणजे सहल ठरते, असेही त्यांना सुनावले. पुढे दंड मागे घेतला, माफीही मागितली. बातमी म्हणून ही गोष्ट जगभर हसण्यावारी गेली. आम्हाला मात्र तिच्यात फिरण्याचा सगळा सिद्धान्त दिसतो. चालण्यात जे हवेहवेसे असते ते हातातल्या त्या कपात असते, आणि पोलिसांना ते बरोबर कळले होते.

या मताला दोन अडचणी आहेत, त्या लपवून चालणार नाही. वर्ड्‌स्वर्थ आयुष्यात एक लाख पंचाहत्तर हजार ते एक लाख ऐंशी हजार मैल चालला असावा, असा हिशेब डी क्विन्सीने मांडला आहे. त्यातले पुष्कळसे चालणे डोंगरांत नव्हे, बागेतल्या सरळ वाटेवर पुढे-मागे येरझाऱ्या घालत झाले. तशा येरझाऱ्यांतच तो कविता रचायचा, असे हॅझलिटनेच लिहून ठेवले आहे. तिथे ना सराय, ना पेन्सिलीचे दुकान. तरी त्याला कंटाळा आला नाही. दुसरे उदाहरण ताजे आहे. एप्रिल २०२० मध्ये टॉम मूर हे नव्व्याण्णव वर्षांचे निवृत्त सैनिक चाकाच्या आधारकाठीने आपल्या पंचवीस मीटरच्या बागेत फेऱ्या घालू लागले. शंभराव्या वाढदिवसाआधी शंभर फेऱ्या पुऱ्या करून आरोग्यसेवेसाठी हजार पौंड जमवायचे, एवढाच बेत होता. जमले तीन कोटी पौंडांहून अधिक. एवढ्याशा जागेत एवढ्याच फेऱ्या, आणि सारा देश त्या बघायला बसला.

पण नीट पाहिले तर या दोघांच्या चालण्यातही दार आहे. ते रस्त्यावर नसून आत आहे. वर्ड्‌स्वर्थची पुढची ओळ हेच त्याचे मुक्कामाचे ठिकाण. मूरसाहेबांची शंभरावी फेरी हेच त्यांचे गाव. शतपावलीतले शंभर आणि त्या बागेतले शंभर हा योगायोग असेल, पण मोजणीने चालण्याला शेवट मिळतो हे दोन्हीकडे सारखेच. आमच्या भाच्याकडे ना ओळ होती ना फेऱ्यांचा आकडा. त्याचे काम हे दुसऱ्यांसाठी रांधण्याचे. ते थांबले, आणि दोन कामांमधला मोकळा वेळ म्हणून असणारे फिरणे हेच एकमेव काम होऊन बसले.

मॅक्स बीरबोमने हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. फिरायला जाण्यावरचा त्याचा छोटा निबंध १९१८ चा. निव्वळ फिरण्यासाठी फिरताना डोके बंद पडते, एरवी खुर्चीत बसून रंगतदार बोलणारा माणूस वाटेतल्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवू लागतो, असे तो गंभीर चेहऱ्याने सांगतो. त्याला आजवर टवाळ मानले गेले. आम्हीही मानत होतो. मात्र निबंधाच्या शेवटी तो कबूल करतो, की हे सारे त्याला सकाळी चालता-चालताच सुचले. चालण्याशी त्याचे भांडण नाही. कुठेतरी जाताना वाटेत चालावे लागले तर तो आनंदाने चालतो. त्याचे भांडण आहे ते 'चला, फिरायला जाऊ' या हुकमाशी. टाळेबंदीच्या काळात त्याच्या या तीन-चार पानांत जेवढे तथ्य निघाले तेवढे वर्ड्‌स्वर्थच्या भक्तांच्या लिखाणात निघाले नाही.

इथे आपल्या बाजूचेही काही सांगणे भाग आहे. वुल्फच्या पेन्सिलीवर आम्ही एवढे लिहिले, पण ती पेन्सिल आमच्या घरातल्या बायकांना समजावून सांगावी लागत नाही. कोथिंबीर संपली, शिवायला टाकलेले कपडे आणायचे, फुफीची तबियत बघून यायचे, या त्यांच्या पेन्सिली. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे 'व्हाय लॉयटर?' हे मुंबईतल्या स्त्रियांविषयीचे पुस्तक २०११ साली आले. रस्त्यावरच्या बाईला आपण कामाला निघालो आहोत हे सतत दाखवत राहावे लागते, विनाकारण रेंगाळणे तिला परवडत नाही, हे त्यात सविस्तर मांडले आहे. लेखिका म्हणतात, तेच विनाकारण रेंगाळणे हक्क म्हणून मागा. मागणी रास्त आहे. पण फिरण्याच्या मुभेला विटलेला पुरुष आणि ती मुभा कधीच न मिळालेली बाई यांना एका तागडीत कसे घालायचे, हे आम्हाला त्या पुस्तकानेही उलगडले नाही. आमच्या बहिणीला विचारले तर ती म्हणाली, "माझ्या लेकाला दोन महिने कंटाळा आला तर तुम्ही पुस्तकं काढून बसलात. मला तीस वर्षं आला, तेव्हा कुठं होतात?"

कोंडलेपणाचे वाङ्मय मात्र आपल्याकडे आहे, आणि ते महाराष्ट्राच्याच मातीत लिहिले गेले. आज अहिल्यानगर झालेल्या अहमदनगरच्या किल्ल्यात मौलाना आझाद ऑगस्ट १९४२ पासून कैद होते. तिथे लिहिलेली पत्रे धाडता येणार नव्हती. 'गुबार-ए-खातिर' म्हणून ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. अंगण होते, मौलाना फिरू शकत होते. पण त्या पुस्तकात मनावर ठसते ते फिरणे नाही. ठसतो पहाटेचा चहा, अंगणातले फुलांचे वाफे, आणि खोलीत घरटे बांधणाऱ्या चिमण्या. आधी मौलाना त्यांना हुसकावतात, हरतात, मग तांदळाचे दाणे टाकून त्यांना हाताशी आणतात. ज्याच्यासमोरची सगळी दारे बंद होती, त्या माणसाने येरझाऱ्यांची थोरवी गायली नाही. दुसऱ्या जिवाला आपल्या खोलीत येऊ दिले आणि त्याचे लिखाण केले. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या बेगम वारल्या, त्यानंतरचे पत्रही याच पुस्तकात आहे. ते वाचताना चिमण्यांची पत्रे पुन्हा उलटून पाहावीशी वाटतात.

१२ एप्रिल २०२१ रोजी इंग्लंडमधली दुकाने आणि केशकर्तनालये उघडली. भाचा दोन मैल चालत केस कापून घ्यायला गेला आणि दोन मैल चालत परत आला. फोनवर न्हाव्याच्या गप्पाच गप्पा. वाटेत तळे लागले का, असे आम्ही विचारले, तर त्याला आठवेना. त्याच आठवड्यात, १४ एप्रिलच्या रात्रीपासून, महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध लागले. रमजान सुरू झाला होता. इफ्तारनंतर आम्ही गच्चीवर गेलो आणि पाण्याच्या टाकीभोवती पावले मोजू लागलो. शेजारच्या गच्चीवर एक बाई आमच्या आधीपासून फेऱ्या घालत होत्या.