पाळी गेल्याची साक्ष कोण देणार?

समीक्षेने कथा, कविता आणि आत्मकथनेच तेवढी वाचावीत असा काही दंडक नाही. औषधाच्या खोक्यातले घडीचे पत्रक हीसुद्धा एक संहिता असते. तिला लेखक असतो, गृहीत धरलेला वाचक असतो आणि तिच्यातून वगळलेली माणसेही असतात. रजोनिवृत्ती घरच्या घरी तपासण्यासाठी ज्या पट्ट्या आज विकल्या जातात, त्यांच्या पत्रकाकडे मी याच दृष्टीने पाहते. मी शिक्षिका आहे, पन्नाशीला टेकले आहे. तेव्हा हा प्रश्न माझ्याही शरीराचा आहे.

आधी पट्टी काय करते ते समजून घेऊ. ती सकाळच्या पहिल्या लघवीत बुडवायची. काही मिनिटांनी एक रेघ उमटते. पट्टी ठीक आहे, एवढेच ती सांगते. दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्याहून गडद आली, तर एफ.एस.एच. नावाच्या संप्रेरकाचे प्रमाण ठरावीक मर्यादेच्या वर आहे असे मानायचे. बहुतेक पट्ट्यांत ही मर्यादा दर मिलिलिटरला 25 मिलि-आंतरराष्ट्रीय एकके इतकी असते. हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून निघते आणि अंडाशयाला कामाला लावते. अंडाशय थकू लागले की ग्रंथी हाक अधिक मोठ्याने देते. पट्टी ती हाक मोजते.

हे मोजमाप खोटे नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या म्हणण्यानुसार अशा चाचण्या दहापैकी सुमारे नऊ वेळा हे संप्रेरक बरोबर ओळखतात. पण वाढलेले एफ.एस.एच. म्हणजे रजोनिवृत्ती असा त्याचा अर्थ होत नाही, असेही तेच प्रशासन बजावते. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत हे प्रमाण या आठवड्यात वर, तर पुढच्या आठवड्यात खाली असते. नियमित पाळीतही बीज सुटण्याच्या सुमारास ते वाढते. रात्री पाणी जास्त प्यायले किंवा संप्रेरकांच्या गोळ्या चालू असल्या, तरी उत्तर बदलू शकते. दुसरी रेघ पाहून एखादीने गर्भनिरोधन सोडले, तर नको असलेले गर्भारपण तिच्या वाट्याला येऊ शकते.

मग निदान कसे करायचे? सलग 12 महिने पाळी आली नाही आणि त्याला दुसरे कारण नसले, तर ती गेली, हीच वैद्यकशास्त्राची व्याख्या आहे. पाळीचे दिवस मागेपुढे होणे, अंगातून वाफा निघणे, रात्री घाम फुटणे, झोप उडणे ही तिच्या आधीची लक्षणे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या निरोगी बाईला यासाठी प्रयोगशाळेची चाचणी लावू नये, असे ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने 2015 सालीच सांगितले. म्हणजे जे काम भिंतीवरचे कॅलेंडर आणि बाईची स्वतःची आठवण फुकटात व अधिक खात्रीने करते, त्याच कामासाठी पट्टी पैसे घेते. बाईच्या स्वतःच्या साक्षीवर अविश्वास निर्माण केल्याशिवाय हा माल खपत नाही.

यावर काही मैत्रिणी म्हणतात, डॉक्टर 'वय झालं, चालायचंच' म्हणून वाटेला लावतात. निदान पट्टीमुळे ज्ञान आपल्या हातात येते. या म्हणण्यामागचा अपमान खरा आहे, आणि तो मी हलका लेखणार नाही. पण ज्या डॉक्टरने बाईचे शब्द ऐकले नाहीत, तो तिची रेघ वाचील हा भरवसा कशाच्या जोरावर धरायचा? आणि दुसरी रेघ उमटली नाही, तर घामाने भिजणाऱ्या बाईला 'तुला काही झालेलं नाही' असे सांगायला घरातही एक पुरावा तयार होतो.

आता पत्रकातील 'आपण' कोण, ते पाहू. या 'आपण'ला घरात स्वतःचे न्हाणीघर आहे, सकाळी निवांत दहा मिनिटे आहेत, छापील सूचना वाचता येतात आणि शेवटी सल्ला घ्यायला स्वतःचे डॉक्टर आहेत. ही बहुधा पंचेचाळिशीपुढची पांढरपेशा बाई. तिलाच या उत्तराची सर्वांत कमी गरज आहे.

ज्यांना उत्तराची खरी गरज आहे, त्या बाया दोन प्रकारच्या. एक, चाळिशीच्या आत जिची पाळी थांबली ती. तिला पट्टी पुरत नाही. रक्ताची तपासणी, कारणाचा शोध आणि उपचार लागतात. दुसरी, जिची गर्भपिशवीच काढलेली आहे ती. तिला मोजायला पाळीच उरलेली नसते. कॅलेंडरही तिला उपयोगी नाही.

ही दुसरी बाई महाराष्ट्रात दुर्मीळ नाही. 2019 साली बीड जिल्ह्यातील महिला ऊसतोड कामगारांचा प्रश्न गाजला, तेव्हा शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 बायांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या बायांत हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. दोन्हींचे वयोगट तंतोतंत जुळत नाहीत हे धरूनही ही तफावत बोलकी आहे.

तिचे कारण शरीरात कमी आणि फडात अधिक सापडते. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एका दिवसाच्या खाड्याला 500 रुपयांपर्यंत दंड कापला जातो, असे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले. फडावर संडास नाही, पाणी नाही, आणि अंगावर जात असतानाही डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची. अशा वेळी 'पिशवी काढून टाक' हा सल्ला उपचार म्हणून येतो, आणि पाळी ही कामातली अडचण ठरते.

पिशवी काढली आणि अंडाशये ठेवली, तरी ती नेहमीपेक्षा काही वर्षे आधी थकण्याचा संभव असतो. अंडाशयेही काढली, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी लादली जाते. वय तिशीचे असले तरी हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. मग तिच्या बाबतीत पहिली चाचणी कोणती? तिचे काय काढले, हे सांगणारा शस्त्रक्रियेचा कागद. तो तिच्या हाती आहे का? पट्टी विकणारे हा प्रश्न विचारणार नाहीत. आपण विचारला पाहिजे.

1928 साली मुंबई विधिमंडळात कामकरी बायांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या काळातील तिच्या विश्रांतीचा भार प्रामुख्याने सरकारने उचलावा आणि तिच्या श्रमाचा नफा घेणाऱ्या मालकानेही त्यातला वाटा सोसावा, अशी भूमिका मांडली. बाईचे शरीर ही तिची खाजगी कटकट नसून समाजाची जबाबदारी आहे, हे सूत्र त्यात आहे. ते बाळंतपणापाशी थांबवण्याचे कारण नाही. घरगुती चाचणी नेमके उलटे करते. शरीराचा प्रश्न ती न्हाणीघराच्या दाराआड नेते आणि तिथेच मिटवते. केंद्र शासनाने 2022 साली अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती राज्यांनी अमलात आणावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले. हा प्रश्न सार्वजनिक आहे, याची ही कबुलीच आहे.

बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये बाळंतिणीची भूक लिहिली, आणि मराठी वाचकाला ती वाचावी लागली. पाळी जाण्याचा, किंवा ती काढून घेतली जाण्याचा अनुभवही तेवढ्याच ठामपणे नोंदला गेला पाहिजे. म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्या शिक्षक-भगिनींना माझे सांगणे एवढेच आहे. वस्तीवर, तांड्यावर, फडावर एखाद्या बाईची हकिकत उतरवून घ्याल, तेव्हा तिचे जन्मगाव आणि मजुरी विचारता तसेच हेही विचारा: पाळी कोणत्या वर्षी गेली, आपोआप गेली की काढली, कोणी सांगितले म्हणून काढली, आणि कागद कुठे आहे. नसेल, तर तिच्याबरोबर रुग्णालयात जा आणि तो मागा.