कीर्द, खतावणी आणि भूप

आमच्या घराण्यात गाणं नाही. खरं म्हणजे घराणंच नाही. आजोबा सेलूच्या मोंढ्यात कापसाच्या अडतीवर दिवाणजी होते, वडील त्याच गादीवर दिवाणजी झाले आणि मी बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो. तीन पिढ्या आम्ही दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहोत. त्यामुळे दादाच्या मुलीने बी.ए.ला संगीत घेतलं, तेव्हा घरात अशी शांतता पसरली की तिच्यात तंबोरा लावून घेता आला असता.

आता ती शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे एम.ए.ला पुण्याला जायचं म्हणते. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र म्हणून आहे, १९८७ सालापासूनचं, तिथे. परवा दादा तिच्या पुस्तकांची पिशवीच घेऊन आला आणि माझ्यासमोर आपटून म्हणाला, "हे बघ, तू कॉमर्सवाला. यात काही आहे का, तेवढं तपासून सांग. असलं तर पाठवू. नसलं तर बी.एड.ला नाव घालू. विषय संपला."

अशा रीतीने मी संगीताचा टीकाकार झालो. पात्रता म्हणाल, तर बँकेत ऑडिटर येतो त्यालाही बँकेचं काम येत असतंच असं नाही.

पिशवीत मुख्य ऐवज भातखंड्यांचा होता. हे गृहस्थ मांडी घालून डोळे मिटलेले कुणी बुवा असतील अशी माझी समजूत. निघाले वकील! मग मी जरा सैलावून बसलो. वकिलाने जे करायचं तेच त्यांनी केलं होतं. गवयांनी आपापल्या चिजा तिजोरीत ठेवाव्या तशा घरात ठेवल्या होत्या. जावयाला द्यायच्या, शिष्याला घासून घासून द्यायच्या आणि बाकीच्यांनी लांबून नमस्कार करायचा. हे गावोगाव हिंडले, ऐकलं, लिहून घेतलं आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत सगळं छापून मोकळे झाले. नाकं मुरडणारे म्हणतात, कागदावर काय गाणं येतं? त्यांना मुंबईत राहून म्हणायला काय जातं! आमच्या स्टेशनावर कुणी उस्ताद मुक्कामाच्या तयारीने उतरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पुस्तकाचं पार्सल मात्र उतरतं. साईबाबांचे गुरू ज्यांना मानतात त्या बाबासाहेब महाराजांच्या देवळातलं भजन सोडलं, तर आमच्या गावाच्या वाट्याला जे शास्त्रोक्त आलं ते असं, पुठ्ठ्याच्या बांधणीतून.

वाचता वाचता मला त्यांची मांडणी ओळखीची वाटू लागली. दक्षिणेत व्यंकटमखींनी सतराव्या शतकात ७२ मेळ मांडून ठेवले होते. ७२ खाती! भातखंड्यांनी उत्तरेच्या कारभाराला दहा पुरेत असं ठरवलं: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. कीर्दीतली प्रत्येक नोंद यांपैकी एका खात्यावर खतवायची. मी मनात म्हटलं, हा माणूस आमच्या शाखेत हवा होता.

आणि तिथेच मला चूक सापडली. ऑडिटरला चूक सापडल्यावर जो आनंद होतो, त्याची सर कुठल्याही रागदारीला नाही. चूक अशी. कल्याण आणि बिलावल या दोन थाटांत फरक फक्त मध्यमाचा: कल्याणात तीव्र, बिलावलात शुद्ध. बरं. आता भूप राग खतवला आहे कल्याणावर आणि देशकार बिलावलावर. भूपाचे स्वर पाच: सा रे ग प ध. देशकाराचे स्वर पाच: तेच! मध्यम दोघांतही नाही. म्हणजे ज्या एका रकमेवरून खाती वेगळी केली, ती रक्कम दोन्हीकडे जमाच नाही!

पुस्तक घेऊन मी थेट स्वयंपाकघरात गेलो. पुतणी मेथी निवडत होती. "हे काय आहे?" मी साहेबी आवाजात विचारलं.

"काका, बसा तुम्ही," ती म्हणाली. मेथीची जुडी बाजूला सारून तिने भूप म्हटला, साधा, दोन-तीन मिनिटं. गांधारावर येऊन थांबायची. दिवेलागणीची वेळ होतीच. मग म्हणाली, "आता देशकार. खरं तर सकाळचा आहे, चालवून घ्या." स्वर तेच, पण या वेळी ती वरूनच निघाली, धैवताला धरून बसली आणि गांधाराला नुसता हात लावून परत गेली. मला त्यातलं शास्त्र कळलं असं म्हणणार नाही. एवढं कळलं की शिल्लक सारखी असलेले दोन खातेदार माझ्या खिडकीशी रोज येतात. एक पासबुक पुढे सरकवून गप्प उभा राहतो, दुसरा लांबूनच हाक मारतो. त्यांची अदलाबदल मी आजवर कधी केलेली नाही.

मी हरकत मागे घेतली. खात्यावरची नव्हे, गाण्यावरची. वादी-संवादीचं कलम पुस्तकात आहेच: भूपात वादी गांधार, संवादी धैवत, देशकारात उलट. पण हे वाक्य वाचून मला जे कळलं नव्हतं, ते मेथीच्या काड्यांत बसून कळलं. याचा दोष मी भातखंड्यांना देत नाही. पासबुकाला वास नसतो म्हणून कुणी छापखान्यावर फिर्याद करत नाही.

फिर्याद करायचीच तर ती लिपीबद्दल. स्वरलेखनाच्या पद्धती दोन. एक या विष्णूंची, म्हणजे विष्णू नारायण भातखंड्यांची. दुसरी त्या विष्णूंची, म्हणजे विष्णू दिगंबर पलुस्करांची, ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं, की तो तार सप्तकात, माडीवर. पलुस्करांच्या लिपीत तेच टिंब त्याच डोक्यावर दिलं, की तो मंद्रात, तळघरात! भातखंड्यांची डोक्यावरची उभी रेघ मध्यमाला तीव्र करते. पलुस्करांची तीच रेघ स्वराला माडीवर पाठवते. तालात तर आमच्या धंद्यावरच घाला आहे. पलुस्कर खालीच्या मात्रेवर अधिकाचं चिन्ह लिहितात. अधिक म्हणजे खाली! आयुष्यभर + दिसलं की जमा धरणाऱ्या माणसाने काय करावं? आणि परीक्षेला दोन्ही लिपी. माझ्या पुतणीला दोन्ही घडाघडा येतात. याच मुलीने मागे पैसे काढायच्या स्लिपवर पैसे भरले होते, हे इथे नमूद केलं पाहिजे.

पिशवीत आणखी एक ग्रंथ होता, 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'. हाही भातखंड्यांचाच, मूळ मराठीतला. तो सगळा गुरुशिष्यांच्या संवादात आहे. साहित्य म्हणून पाहिलं, तर यातलं शिष्याचं पात्र मला अजिबात पटलं नाही. गुरुजींना जे सांगायचं असतं नेमकं तेच हा विचारतो. शंका काढतो ती इतकी सोयीची, की गुरुजींचा पुढचा परिच्छेद अडत नाही. याला भूक लागत नाही, याची गाडी चुकत नाही, याला बी.एड.ला घालण्याची धमकी कुणी देत नाही. चार भाग वाचले तरी त्याच्या घरी कोण कोण असतं ते कळत नाही.

मी पाहतो ती विद्यार्थिनी पहाटे पाचला उठून खर्ज लावते. खर्ज म्हणजे खालचा षड्ज दम संपेपर्यंत धरून ठेवणे. पलीकडच्या आळीतून 'म्हैस आजारी आहे का?' अशी आपुलकीची चौकशी झाली आहे. तंबोरा मोबाइलमधला; चार्जिंग उतरलं की तंबोरा उतरतो. मग सकाळच्या गाडीने परभणी. जागा मिळाली तर ती मांडीवर तीनताल धरून पलटे पाठ करते. खालीला टाळी नसते, हात हवेत उलटा टाकायचा असतो. मानवत रोडला चढलेल्या एका बाईने तिला विचारलं, "कुणाला बोलवायलीस गं?" तिथून पुढे कॉलेज, राज्यशास्त्र, मराठी, त्यानंतर संगीत. संध्याकाळी घरी मेथी. एवढ्यात गाणं कधी होतं, तर बहुधा मेथीच्या वेळी.

तिच्या प्रात्यक्षिकाची हकीकत तिनेच सांगितली. बाहेरगावचे परीक्षक, चार वाजलेले, मागे पुष्कळ मुलं बाकी. तिने भूप सुरू केला. आलाप जमू लागतो न लागतो तोच, "बास. आता भूप आणि देशकारातला फरक सांगा."

"मी म्हटलं, सर, गाऊन दाखवू? ते म्हणाले, सांगा. वेळ नाही."

तिने सांगितला. वादी, संवादी, थाट, समय. सगळं बरोबर. मार्क चांगले पडले. त्या मार्कांचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही. मला मात्र फार वाटलं. मेथी निवडताना मला जे पाच-सात मिनिटांत मिळालं होतं, ते मिळावं म्हणून परीक्षक एवढ्या लांबून आले होते. आणि ते न घेता, पोचपावतीवर सही करून परत गेले. भातखंड्यांनी छापून ठेवलं ते ज्यांच्या दाराशी उस्ताद नाही त्यांनी गावं म्हणून. त्याचं पाठांतर मोजून घेण्याचा उद्योग आपला, नंतरचा.

दादाला मी अहवाल दिला: पुस्तकांत आहे, आणि पुस्तकांबाहेर जास्त आहे, पुण्याला पाठव.

दादा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पैसे?"

म्हणून सध्या मी आमच्याच शाखेचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज भरतो आहे. अभ्यासक्रम: संगीत, इथपर्यंत आलो आहे. साहेबांनी जाता जाता कागदाकडे पाहिलं आणि "यात परतफेड कशातून होते हो?" असं खरोखरच्या कुतूहलाने विचारलं. पुढचा रकाना नेमका तोच आहे: शिक्षणानंतरचे अपेक्षित मासिक उत्पन्न. तिथे मी तूर्त पेन्सिलीने एक + काढून ठेवलं आहे. साहेबांना पलुस्करांची लिपी येत नाही.