हिंसेला विधी म्हणताना : नॅटली डेव्हिस यांच्या सिद्धान्ताची चिकित्सा

सोळाव्या शतकातील फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट (तेथील प्रचलित नाव ह्यूगनॉट) यांच्यात जो रक्तपात झाला, त्याचे स्पष्टीकरण दीर्घकाळ दोनच अंगांनी दिले जात असे. एक अंग राजदरबाराचे : कॅथरीन द मेदिचीचे कारस्थान, गीझ घराण्याचे वैर, दुबळा राजा नववा चार्ल्स. दुसरे अंग धर्मांधतेचे : अडाणी जमाव, भडक प्रवचने, महागलेले धान्य. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतून आजही बहुधा हीच दोन अंगे दोन परिच्छेदांत उरकली जातात. या मांडणीला पहिला मोठा तडा गेला तो १९७३ मध्ये. 'पास्ट अँड प्रेझेंट' या नियतकालिकात नॅटली झेमॉन डेव्हिस (१९२८-२०२३) यांनी धार्मिक दंगलींतील हिंसेच्या विधींवर प्रदीर्घ निबंध लिहिला. पुढे १९७५ च्या त्यांच्या ग्रंथात तो समाविष्ट झाला. अर्धशतक उलटले तरी या विषयावर लिहिणाऱ्याला या निबंधाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. म्हणूनच त्याची बलस्थाने आणि मर्यादा दोन्ही नीट तपासणे अगत्याचे आहे.

डेव्हिस यांचे मुख्य प्रतिपादन असे की, दंगलखोरांचे वर्तन बेभान नव्हते; त्याला आकार होता. हा आकार धर्मग्रंथ, उपासनाविधी, न्यायसंस्थेच्या शिक्षा आणि लोकपरंपरेतील सार्वजनिक विटंबना यांतून घेतलेला होता. ज्या ठिकाणी धर्माधिकारी किंवा दंडाधिकारी आपले कर्तव्य करीत नाहीत असे जमावाला वाटे, त्या ठिकाणी जमाव त्यांची भूमिका स्वतःकडे घेई. ॲडमिरल कोलिन्यीचे प्रेत हे याचे ठळक उदाहरण होय. २४ ऑगस्ट १५७२ रोजी पहाटे त्याला ठार करून खिडकीतून खाली फेकण्यात आले, त्याचे शिर कापण्यात आले, पोरांनी धड रस्त्यांतून फरफटत नेले आणि अखेर ते माँफोकाँच्या वधस्तंभावर टांगले गेले. राजद्रोह्याला न्यायालय जी शिक्षा देई तिचीच ही रस्त्यावरील आवृत्ती होती. प्रेते सेन नदीत लोटण्यातही डेव्हिस यांना शुद्धीकरणाची कल्पना दिसते. पाखंड हा गावाला लागलेला विटाळ, आणि तो वाहत्या पाण्यात सोडायचा. दंगलीची वेळही धान्याच्या भावापेक्षा धार्मिक प्रसंगाशी बांधलेली असे; मिरवणूक, प्रवचन, बाप्तिस्मा ही ठिणगी पडण्याची ठिकाणे. जानिन एस्तेब यांच्यासारख्या, आर्थिक व वर्गीय कारणांना अधिक वजन देणाऱ्या अभ्यासकांशी डेव्हिस यांचा जो वाद झाला तो मुख्यतः याच मुद्द्यावर.

येथे भाषेविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. डेव्हिस यांच्या शीर्षकातील 'राइट्स' या शब्दाला मराठीत चोख प्रतिशब्द नाही. 'विधी' म्हटले की त्याला मान्यतेचा गंध येतो. 'कर्मकांड' म्हटले की तुच्छतेचा. इंग्रजीत तर या शब्दाचा उच्चार 'अधिकार' या अर्थाच्या शब्दासारखाच आहे, आणि हिंसेचा विधी म्हणजे हिंसेचा अधिकार नव्हे असे डेव्हिस स्वतः निबंधाच्या शेवटी बजावतात. असा इशारा लेखिकेला द्यावा लागला, यातच सिद्धान्ताची अवघड जागा उघड होते. कृतीला अर्थ होता असे दाखवता दाखवता तिला प्रतिष्ठा तर मिळत नाही ना, हा प्रश्न वाचकाला सोडत नाही.

निबंधातील सर्वांत गाजलेला भेद म्हणजे प्रॉटेस्टंटांचा रोख प्रामुख्याने वस्तूंवर, कॅथलिकांचा देहांवर. मूर्ती, अवशेष, पवित्र भाकरी यांत दैवी शक्ती नाही हे प्रॉटेस्टंटाला सिद्ध करायचे होते, म्हणून तो त्या फोडी, जाळी. कॅथलिकाच्या दृष्टीने मात्र विटाळ वस्तूत नसून पाखंडी माणसात होता. हा भेद धर्मशास्त्राच्या अंगाने पटतो, आणि द्नी क्रूझे यांनी १९९० च्या आपल्या भल्यामोठ्या ग्रंथात तो अंतकाळाच्या भीतीशी जोडून आणखी पुढे नेला. तथापि नीमचे काय? १५६७ च्या सप्टेंबरअखेरीस, सेंट मायकेलच्या सणाच्या सुमारास, प्रॉटेस्टंटबहुल नीम शहरात पाद्री आणि प्रतिष्ठित कॅथलिक यांना ठार करून बिशपच्या वाड्यातील विहिरीत टाकण्यात आले. प्रॉटेस्टंटांनीही माणसे मारली हे डेव्हिस नाकारत नाहीत; परंतु हत्येचे प्रमाण ठरवताना कोण कोठे बहुसंख्य होते आणि शस्त्रे व नगरसत्ता कोणाच्या हाती होती, या साध्या गोष्टींना त्यांच्या मांडणीत मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही.

याहून गंभीर आक्षेप साधनांचा आहे. या दंगलींच्या तपशिलांचा मोठा भाग जाँ क्रेस्पँ याच्या हुतात्मचरित्रांतून आणि सिमाँ गुलार याच्या संकलनांतून येतो. ही दोन्ही प्रॉटेस्टंट पुस्तके जिनिव्हात, स्वपक्षीयांचे धैर्य टिकवण्यासाठी सिद्ध झाली. बायबलमधील हुतात्म्यांच्या साच्यात घटना बसवणे हेच त्यांचे प्रयोजन होते. अशा वेळी दिसणारा विधीचा आकार घटनेचा किती आणि कथनाचा किती? कॅथलिक बाजूसही हेच लागू पडते. हत्याकांडानंतर इनोसंट्सच्या दफनभूमीत अवेळी फुललेले काटेरी झुडूप ईश्वरी संमतीची खूण ठरले, ते सांगणाऱ्यांना तशी खूण हवी होती म्हणून. चित्रांतही हीच गोष्ट दिसते. व्हॅटिकनच्या साला रेजिया या दालनात वासारीने तेराव्या ग्रेगरीसाठी रंगवलेल्या भित्तिचित्रांत कोलिन्यीची हत्या न्यायाचा विजय म्हणून येते. परागंदा ह्यूगनॉट चित्रकार फ्राँस्वा द्युब्वा याच्या, आज लोझानच्या संग्रहालयात असलेल्या, फलकावर तीच घटना निरपराधांची कत्तल होते. डेव्हिस साधनांच्या पक्षपाताविषयी सावध आहेत, परंतु दोन्ही पक्षांचे वृत्तान्त एकमेकांशी जुळतात एवढ्यावर त्यांचा भरवसा अंमळ अधिक आहे. दोन्ही पक्ष एकाच प्रतीकसंग्रहातून उचल करीत असतील तर ते जुळणारच.

तिसरा मुद्दा 'जमाव' या शब्दाचा. सुझॅन डेसान यांनी १९८९ मध्येच दाखवून दिले होते की, ई. पी. थॉम्पसन आणि डेव्हिस या दोघांच्या लेखनात समुदाय फार एकसंध भासतो. बार्बरा डिफेनडॉर्फ यांच्या १९९१ च्या पॅरिसविषयक ग्रंथाने ही फट रुंदावली. २३ ऑगस्टच्या रात्री नगरप्रमुखाला शहराचे दरवाजे बंद करून नागरी सैन्य सज्ज ठेवण्याची आज्ञा झाली होती. गीझने राजाची इच्छा म्हणून उच्चारलेले शब्द कानोकानी पसरले. आणि दुसऱ्या दिवशी हत्या थांबवण्याचा राजाचा हुकूम कोणी मानला नाही. म्हणजे दंडाधिकारी गप्प होते म्हणून लोकांनी त्यांची भूमिका घेतली, हे सूत्र येथे अपुरे पडते. येथे राजाज्ञा आपल्यामागे आहे असा समज होता, आणि शस्त्रे नगरानेच दिली होती.

झेरेमी फोआ यांच्या २०२१ च्या पुस्तकाने तर प्रश्नाची दिशाच बदलली. नोटरींचे दस्तऐवज आणि काँसिएर्जरी तुरुंगाच्या नोंदवह्या चाळून त्यांनी मारणारे व मरणारे यांची नावे, पत्ते, धंदे शोधले. त्यातून जे निघाले ते असे : पॅरिसमधील हत्यांचा मोठा वाटा नागरी सैन्यातील मोजक्या माणसांनी उचलला. सोन्याची तार ओढणारा थॉमस क्रोआझिए हा त्यांपैकी एक. या माणसांनी १५६० च्या दशकात ज्या शेजाऱ्यांना वारंवार पकडून तुरुंगात नेले होते, त्यांचीच दारे त्यांनी १५७२ मध्ये ठोठावली. दार कोणाचे, आत कोण, मागची वाट कोठे निघते, हे त्यांना ठाऊक होते. मारले गेलेले अनेक जण ओळखीच्या आवाजाला दार उघडून बाहेर आले असणे स्वाभाविक आहे. सरावाने आलेले हे कौशल्य विधीच्या भाषेत सांगता येत नाही; त्याला यादी लागते, गस्त लागते, शेजार लागतो.

अर्थात फोआ यांच्यामुळे डेव्हिस रद्द होत नाहीत. प्रेताची विटंबना का आणि तशीच का झाली, याचे उत्तर नोंदवहीत मिळत नाही. ते डेव्हिस यांच्याकडेच मागावे लागते. दार ठोठावणारा हात आणि प्रेत नदीकडे ओढणारा हात एकच होता की वेगळा, हे प्रत्येक शहरापुरते वेगळे तपासावे लागेल. रूआँ, लियाँ, ऑर्लेआँ, बोर्दो, तुलूझ येथे हत्या ऑक्टोबरपर्यंत चालू राहिल्या, आणि प्रत्येक ठिकाणी तुरुंग, नगरसभा व जमाव यांचे नाते निराळे होते. हे काम अवघड होण्याचे एक कारण स्वतः तहनाम्यांतच आहे. एप्रिल १५९८ च्या नाँतच्या आज्ञापत्राचे पहिलेच कलम झाल्या गोष्टींची स्मृती पुसून टाकावी, असे फर्मावते. पुढच्या कलमात त्यावरून वाद उकरण्यास मनाई आहे. शांततेसाठी घातलेली ती अट मारेकऱ्यांच्या नावांनाही पांघरूण घालणारी ठरली. ती नावे न्यायालयाच्या निकालांत नाहीत. घरांच्या भाडेपत्रांत, मयतांच्या मालमत्तेच्या याद्यांत आणि तुरुंगाच्या वह्यांत विखुरलेली आहेत.