‘सत्तांतर’मधील वानर : रूपकापलीकडे

व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ (साहित्य अकादमी पुरस्कार, १९८३) आपण वर्गात राजकीय रूपक म्हणून शिकवून मोकळे होतो. त्यात वानर हरवतो. टोळी जिंकणारा नर आधीच्या नराची पिल्ले मारतो, हे सुगियामा या जपानी संशोधकाने १९६०च्या दशकात धारवाडजवळ नोंदवले. अबू येथील वानरांचा अभ्यास करून सारा हर्डी यांनी १९७७मध्ये त्याची उपपत्ती मांडली : पिल्लू गमावलेली मादी लवकर माजावर येते, विजेत्याचा वंश वाढतो. यात हेतू नाही, सत्ताही नाही. माडगूळकर मात्र वानरांना नावे देतात आणि घटनेचे चरित्र होते. सर्वत्र हेतू शोधणारा आपला मेंदूही उत्क्रांतीनेच घडवलेला. मग वाचकाला जाणवणारे क्रौर्य वानराचे की त्या मेंदूचे? रूपकवादी वाचनात हा प्रश्न उद्भवतच नाही.